मेंदूतली गाठ काढली, आता आईची शुगर संध्याकाळी ३८०. डेक्साची गोळी बंद करू का?

केळीवाला, चोपडा

रामराम मंडळी. जरा लांब लिहितोय, अर्धवट माहितीवर कोणी सल्ला देऊ नये म्हणून.

आई ६२ वर्षांची. शेतात राबलेली बाई, ताप आला तरी दवाखान्याचं नाव काढत नसे. हिवाळ्यात तिच्या भाकरीची एक कड जाड राहायला लागली. ते माझ्या बायकोच्या लक्षात आलं, मला भाकरी ती भाकरी. उजव्या हाताला जोरच लागत नव्हता. मग एका सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या तो हात आणि तोंडाची एक बाजू उडायला लागली, डोळे फिरले. जळगावला एमआरआय केला. डाव्या बाजूला, मेंदूच्या आवरणाला धरून साडेचार सेंटिमीटरची गाठ, मेनिंजिओमा. ऑपरेशन नाशिकला झालं. गाठ पूर्ण निघाली, बायोप्सीही चांगली आली, ग्रेड १. हात सुधारतोय, बोलणं स्वच्छ आहे. टाके अजून काढायचे आहेत.

आता घोळ शुगरचा. ऑपरेशनच्या आधी तिला शुगर आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. भरती करताना एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.२ आली, "बॉर्डरवर आहे" म्हणाले. ऑपरेशननंतर आयसीयूत सलाईनमधून इन्सुलिन चालू होतं. घरी सोडताना कार्डावर लिहून दिलं ते असं: डेक्सामेथासोन (हाच तो डेक्सा, स्टेरॉईडची गोळी) ४ मि.ग्रॅ. सकाळी ८ आणि दुपारी २, पुढे उतरत्या क्रमानं कमी. झटक्यांसाठी लेव्हेटिरासिटाम ५०० दोनदा. पोटासाठी पँटोप्राझोल. आणि रेग्युलर इन्सुलिन, जेवणाआधी शुगर बघून, एवढी आली तर एवढे युनिट असा तक्ता.

माझ्या वहीतले कालचे आकडे: सकाळी उपाशी १३४. दुपारी जेवणाआधी २२६. संध्याकाळी सहाला ३८०. झोपताना ३१०. गेले काही दिवस हेच चाललंय. सकाळी वाटतं उतरली, संध्याकाळी पुन्हा डोक्यावर.

गावात प्रत्येक जण डॉक्टर. शेजारचे आबा म्हणतात, "स्टेरॉईड आहे ते, बंद कर, किडन्या खलास होतील." मामा कारल्याचा रस घेऊन आले. मावशी म्हणते रात्रीचं जेवण बंद कर. आणि भेटायला येणारे सगळे मोसंबीचा रस नाहीतर बिस्किटांचे पुडे आणतात, वर आईला म्हणतात "घे वं माय, अशक्तपणा आलाय." आईला भूक एवढी लागते की मध्यरात्री उठून डब्बे उघडते. मी भाकरी दोनवर आणली तर काल मला म्हणाली, "कितली भूक लागनी माले, आनि तू मोजीसन भाकर देस?" ऐकवत नाही हो.

नाशिकला फोन केला की "कार्डावर आहे तसं द्या" एवढंच उत्तर मिळतं. इथले डॉक्टर म्हणतात, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना विचारा. मधल्या मध्ये मी.

तर विचारायचं असं, की डेक्सा बंद केला तर काय होईल? ही शुगर आता कायमची का? एवढ्या शुगरचा मेंदूवर किंवा जखमेवर काही परिणाम? आणि आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली आहे. बहीण माहेरी येईल, घरात आंबे येतील, आईनं आत्ताच विचारून ठेवलंय, "आखाजीना रस बी बंद का?"

---

तापीकाठचा

भाऊ, आमच्या काकांचं असंच झालं होतं. गोळी बंद केली, शुगर आपोआप खाली आली. मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी पाणी द्या. इंग्रजी औषधं एकाला दुसरं लावून देतात.

---

भुसावळची वहिनी

तापीकाठच्या दादा, तुमच्या काकांना डेक्सा कशासाठी होता, किती दिवस होता, हे सांगितल्याशिवाय दुसऱ्याच्या आईवर प्रयोग सांगू नका. चार-पाच दिवसांची गोळी बंद करणं आणि मेंदूचं ऑपरेशन होऊन दिवसाला ८ मि.ग्रॅ. घेणाऱ्या बाईची गोळी बंद करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

केळीवाले भाऊ, गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. आमच्या ह्यांना मेंदूत ग्लायोमा होता, रेल्वेत गार्ड होते. गाठ तुमच्या आईसारखी गुणी नव्हती, त्यामुळे ऑपरेशनमागून रेडिएशन आलं आणि डेक्सा बरेच महिने चालला. म्हणून ह्या गोळीची मला चांगली ओळख आहे.

गाठीभोवती मेंदूला सूज असते. गाठ काढली तरी ती सूज लगेच जात नाही, उलट कापाकापीनं थोडी वाढते. डोकं म्हणजे बंद हाड, सुजेला पसरायला जागा नाही. डेक्सा ती सूज धरून ठेवतो. एकदम काढला तर सूज परत चढू शकते, मग डोकेदुखी, उलट्या, हात पुन्हा ढिला, झटका. दुसरं म्हणजे आपलं शरीर स्वतःचं स्टेरॉईड रोज बनवतं. बाहेरून एवढं मिळायला लागलं की ते बनवणं थांबवतं. गोळी अचानक तोडली तर आत काहीच शिल्लक नसतं, माणूस गळून जातो, बीपी उतरतं. कार्डावर पायरी-पायरीनं लिहिलंय ते यासाठी.

आता तुमच्या वहीबद्दल. सकाळी १३४ आणि संध्याकाळी ३८०, हे डेक्साचं ठरलेलं वागणं आहे. सकाळी आठला आणि दुपारी दोनला गोळी पोटात गेली की दुपारनंतर शुगर चढत जाते, संध्याकाळी कळस गाठते, रात्रभर उपाशी राहून पहाटेपर्यंत उतरते. ह्यांचंही डिट्टो असंच. आमच्याकडे सुरुवातीला फक्त उपाशीपोटी तपासत होते आणि "नॉर्मल आहे" म्हणत होते. माझ्या मुलीनं सहज संध्याकाळी सुई टोचली तर ३९०! तुम्ही चार वेळा तपासताय हे फार चांगलं करताय. तीच वही उपयोगी पडणार आहे.

आणि आता मी जे सांगते ते दोनदा वाचा, कारण हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. शुगर वर जाते त्याची सगळे काळजी करतात. ती खाली कधी येईल याची कोणी करत नाही. ह्यांचा डेक्सा ४ वरून २ वर आणला तो कागद सर्जनचा. इन्सुलिनचा कागद शुगरच्या डॉक्टरांचा. दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. गोळी अर्धी झाली, इन्सुलिन तेवढंच राहिलं. दोन-तीन दिवसांनी पहाटे हे घामानं चिंब, हात थरथरतायत, मुलीला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारतायत. सासूबाई रडायला लागल्या, गाठ परत आली म्हणून. मुलीनं आधी बोट टोचलं. ५२. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात कालवून दिलं, पंधरा मिनिटांनी ८४, मग दूध-पोळी खायला घातली. अर्ध्या तासात हे विचारतायत, "सगळे का जमलेत?"

म्हणून सर्जनला किंवा शुगरच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "डेक्सा ज्या दिवशी कमी होईल त्या दिवशी इन्सुलिन किती कमी करायचं?" दोन्ही एकाच कागदावर लिहून घ्या. तारखांसकट. गोळी उतरेल तशी शुगर उतरणारच, आणि इन्सुलिननं तिच्याबरोबर उतरायला हवं.

भुकेबद्दल आईला रागावू नका. ती भूक तिची नाही, गोळीची आहे. हे रात्री दोनला शेवभाजी मागायचे. जन्मात कधी मागितली नसेल एवढ्या हक्कानं. आणि उचक्या! पुरुषांना ह्या गोळीनं उचक्या लागतात म्हणे, तासन्‌तास. ते निस्तरताना नाकी नऊ आले, आता आठवलं की हसू येतं.

रात्रीचं जेवण बंद करा असं मावशी म्हणते ते तर अजिबात करू नका. इन्सुलिन टोचून उपाशी ठेवणं म्हणजे ५२ ला आमंत्रण. शिवाय डोक्यावरची जखम भरायची आहे, तिला प्रथिनं लागतात. वरण, मटकी-मुगाची उसळ, दही, ताक, चालत असेल तर अंडी. दादर ज्वारीची भाकरी बंद नाही, दोन मोठ्या एकदम देण्याऐवजी लहान-लहान, चार वेळांत वाटून, ताटात आधी भाजी आणि वरण. रात्री उठली तर डब्यात फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, काकडी ठेवा. बिस्किटांचे पुडे आल्या पावली भाच्यांना वाटून टाका.

---

शिरपूरचा मेडिकलवाला

वहिनींनी खूप नेमकं लिहिलंय. मी फक्त काउंटरवर रोज दिसणाऱ्या गोष्टी सांगतो.

केळीवाले भाऊ, घरी आत्ता जाऊन इन्सुलिनची बाटली बघा. आपल्याकडे बाटलीत बहुतेक वेळा एका मि.ली.त ४० युनिट असतात, पेनच्या काडतुसात १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० ची, लाल टोपणाची, आणि १०० ची, केशरी टोपणाची. बाटलीवर ४० असेल तर सिरिंजवरही ४० च हवं. ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजनं भरलं तर लिहिलेल्या डोसच्या निम्म्याहूनही कमी जातं, आणि मग घरचे म्हणतात इन्सुलिन लागूच पडत नाही. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजनं, तर अडीच पट जातं. त्यातून माणूस दगावू शकतो. संध्याकाळी ३८० येतेय म्हणून पहिली शंका माझी हीच.

रेग्युलर इन्सुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायचं असतं. ताट वाढून झाल्यावर टोचलं तर ते मागून धावत राहतं. पण टोचल्यावर आई जेवणारच याची खात्री हवी.

उन्हाळ्याचं सांगतो. आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो आणि लाईटचा भरवसा नाही. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, २ ते ८ अंश, दाराच्या कप्प्यात किंवा मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजायचं. उघडलेली बाटली ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते, पण मे महिन्यात तुमच्या घरात ३० अंश कुठून आणणार? फ्रिज नसेल किंवा लाईट जात असेल तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मातीच्या माठात, ओल्या वाळूवर ठेवा, माठ सावलीत. नाशिकहून येताना गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं इन्सुलिन असेल तर टाकून द्या.

शुगर मोजायच्या पट्ट्यासुद्धा उन्हानं बिघडतात. त्या मात्र फ्रिजमध्ये नको, ओल धरतात. डबीचं झाकण लगेच लावायचं, घरातल्या सर्वात थंड खोलीत ठेवायची. टोचायच्या आधी हात साबणानं धुवून कोरडे. केळ सोललेल्या किंवा रस लागलेल्या बोटाचं रक्त घेतलं तर मशीन वाट्टेल तो आकडा दाखवतं. तुमच्या घरात केळी तर असणारच.

---

डॉक्टर, धुळे

मी फिजिशियन आहे. पेशंट न तपासता डोस सांगणार नाही, पण चर्चेत काही गोष्टी जोडायला हव्यात.

डेक्सामेथासोन मेंदूच्या गाठींभोवतीच्या सुजेसाठी १९६१ पासून वापरात आहे आणि आजही त्याला सहज पर्याय नाही. ८ मि.ग्रॅ. म्हणजे शरीर रोज स्वतः बनवतं त्याच्या सुमारे दहापट ताकदीचं स्टेरॉईड. यकृत जास्त साखर सोडतं आणि स्नायूंवर इन्सुलिनचा असर कमी होतो. ज्यांची आधीपासून सीमारेषेवर असते त्यांची उसळते. ६.२ हा आकडा त्याच पट्ट्यातला, ५.७ ते ६.४. मधुमेह ६.५ पासून म्हणतात. म्हणजे ऑपरेशनच्या आधी आईंना मधुमेह नव्हता, पण उंबरठ्यावर होत्या.

कायमची का? बहुतेकांची स्टेरॉईड थांबल्यावर काही दिवसांत खाली येते. पण ज्यांना स्टेरॉईडनं एकदा चढली त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून गोळ्या संपल्यावर उपाशी आणि जेवणानंतरची तपासा, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी. ऑपरेशनमध्ये रक्त चढवलं असेल तर तोपर्यंत ती तपासणी फसवी येऊ शकते.

संध्याकाळी रोज ३०० च्या वर जाणं मात्र "स्टेरॉईड आहे, चालायचंच" म्हणून सोडण्यासारखं नाही. दवाखान्यात आम्ही अशा पेशंटची १४० ते १८० च्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतो. सतत जास्त राहिली तर जखमेत जंतुसंसर्ग होतो, टाके भरत नाहीत, लघवीवाटे पाणी जाऊन शरीर सुकतं. सुजलेल्या मेंदूलाही जास्त शुगर मानवत नाही. तुमच्या तक्त्याची अडचण अशी की तो शुगर चढल्यावर तिच्या मागे पळतो. ज्या वेळी चढणार हे माहीत आहे, त्याच्या आधी इन्सुलिन हवं. सकाळच्या डेक्साबरोबर मध्यम काळ टिकणारं इन्सुलिन जोडणं हा त्यावरचा नेहमीचा मार्ग आहे. डोस तुमची वही बघून ठरतो. नाशिकला फोन करून "शुगर वाढली" असं सांगू नका. चार वेळांचे आकडे, तीन दिवसांचे, वाचून दाखवा, आणि शुगर बघणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं आहे असं स्पष्ट म्हणा. तरी जमलं नाही तर जळगावला एखाद्या फिजिशियनला संपूर्ण डिस्चार्ज कार्ड घेऊन भेटा, नुसती शुगरची चिठ्ठी नको.

रात्री न थांबता दवाखान्यात न्यायची वेळ कोणती, तेही सांगून ठेवतो. आई नेहमीपेक्षा पेंगुळलेली, उठवायला कठीण, वारंवार उलट्या, डोकेदुखी वाढत जाणारी. पुन्हा झटका. हात किंवा बोलणं पुन्हा बिघडणं. ताप, मान आखडणं. जखम लाल, फुगलेली, किंवा जखमेतून अथवा नाकातून पाण्यासारखा स्राव. मशीनवर आकड्याऐवजी एचआय अशी अक्षरं, म्हणजे शुगर मशीनच्या मोजमापाच्याही वर. एका पायाची पोटरी सुजून दुखणं किंवा अचानक दम. यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन. गुंगीत किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात साखरेचं पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, बोट टोचून शुगर बघा आणि निघा. ७० च्या खाली आणि शुद्धीवर असेल तर वहिनींच्या मुलीनं केलं तेच करा, पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी.

लेव्हेटिरासिटाम बंद करू नका, शुगरशी त्याचं देणंघेणं नाही. त्यानं चिडचिड वाढते, डेक्सानंही वाढते, तेव्हा आई ओरडली तर मनाला लावून घेऊ नका. नजर धूसर वाटत असेल तर शुगर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नका, नंबर बदलत राहतो. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर सांगा, बुरशी असते, औषध सोपं आहे.

कारल्याच्या रसानं एवढी शुगर उतरत नाही. भाजी करून खाऊ द्या. रस आणि जांभळाच्या बिया इन्सुलिनच्या जागी नकोत.

---

तापीकाठचा

काकांना डेक्सा कंबरदुखीसाठी होता, आताच विचारलं. मेंदूचं काही नव्हतं. माझं वरचं उत्तर धरू नका.

---

केळीवाला, चोपडा

सगळ्यांचे आभार. मेडिकलवाले भाऊ, बाटली ४० ची आणि सिरिंज लाल टोपणाचीच आहे, तपासलं. पण इन्सुलिन ताटावर बसल्यावर टोचत होतो, कारण कार्डावर नुसतं "जेवणाआधी" होतं. आता घड्याळ लावून अर्धा तास आधी.

डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणालात तसे आकडे वाचून दाखवले. या वेळी फोनवर शुगरच्या मॅडम आल्या. त्यांनी सकाळी आठला, डेक्साबरोबरच, दुसरं इन्सुलिन सुरू करायला सांगितलं, दुधी रंगाचं. बाटली तळव्यात हलकी फिरवायची, झटकायची नाही. रात्रीचा डोस कमी केला. आणि वहिनींचा प्रश्न मी शब्द न बदलता विचारला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, मग म्हणाल्या, "थांबा, लिहून पाठवते." डेक्साची प्रत्येक पायरी आणि समोर इन्सुलिन, एका पानावर आलं. ते फ्रिजच्या दारावर चिकटवलंय.

दोन-तीन दिवसांत संध्याकाळचा आकडा २४० वर आलाय. डेक्सा २ मि.ग्रॅ. वर आला त्या संध्याकाळी १९२. मामांच्या कारल्याची भाजी केली, मामांनीच खाल्ली.

आता आंब्याचं सांगा. आई मागे लागली आहे.

---

भुसावळची वहिनी

तोंड गोड करू द्या. साखर न घातलेला रस, छोटी वाटी, दुपारच्या जेवणात आणि एका भाकरीच्या बदल्यात, सगळ्या भाकरी खाऊन वर नाही. पुरणपोळी आणि रस दोन्ही एकदम नको, तिला एक निवडू द्या. दोन तासांनी मोजा. २०० च्या फार वर गेली नाही तर एवढं चालतंय असं समजा, गेली तर पुढच्या वेळी दोन घास कमी. आम्ही ह्यांना असंच खाऊ घातलं. पण एक वाटी झाली की पातेलं टेबलावरून उचलायचं, ही अट.

ती घरात थोडी चालते का? अंथरुणावर बसून राहू देऊ नका, पायात रक्त साकळतं आणि चालल्यानं शुगरही उतरते. संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंगणात, कोणी तरी शेजारी धरून.

---

केळीवाला, चोपडा

चालते, पण उकिडवी बसली की उठता येत नाही. मांड्यांत जोरच नाही म्हणते. संडास खाली बसायचा आहे. काल बायकोला तिला दोन्ही हातांनी ओढून काढावं लागलं. हे ऑपरेशनमुळे का?

---

डॉक्टर, धुळे

दोन्ही मांड्या सारख्याच कमजोर आणि हात आधीपेक्षा चांगला असेल तर बहुतेक स्टेरॉईडचाच परिणाम, मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू ढिले पडतात. डोस उतरल्यावर हळूहळू सुधारतं, काही आठवडे ते महिने लागतात. टाके काढायला न्याल तेव्हा दाखवा. फक्त उजवाच पाय कमजोर वाटला तर वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दिवसातून तीन वेळा, जमेल तेवढं. आणि उकिडवं बसणं सध्या बंद, पडली तर डोक्याची जखम आहे.

---

केळीवाला, चोपडा

कमोडची खुर्ची चोपड्यात भाड्यानं मिळते का? कोणाला माहीत असेल तर सांगा. दोन-तीन महिन्यांसाठी विकत घ्यायची जिवावर येतंय.

---

भुसावळची वहिनी

विकत घेऊ नका. ह्यांची आमच्या माळ्यावर पडून आहे, लोखंडी, उंची कमी-जास्त करता येते. इकडे कोणी येत असेल तर घेऊन जायला सांगा. एका पायाचं रबरी बूट गेलंय, ते हार्डवेअरच्या दुकानातून बसवून घ्या, नाहीतर फरशीवर सरकते.